रोनाल्ड कूमन: बचावफळीतला गोलंदाज

मधली_फळी (धागाकर्ता)

क्रिकेटनं पळवून नेण्याआधी ‘गोलंदाज’ हा तोफखान्यातला माणूस होता. तोफ कुठं रोखायची, बत्ती कधी द्यायची हे तो ठरवायचा, आणि आजूबाजूला कितीही आरडाओरडा चालू असो, हा आपला थंड. हॉलंडचा फुटबॉलपटू आणि पुढे कोच झालेला रोनाल्ड कूमन, त्याच्यासाठी तो शब्द मला परत घ्यावासा वाटतो. बचावपटू असून लीग सामन्यांत १९३ गोल. सगळ्या स्पर्धा धरल्या तर दोनशेच्या बऱ्याच वर. चांगल्या चांगल्या सेंटर-फॉरवर्डांची कारकीर्द एवढ्यावर पोचत नाही.

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहिलं, “कूमन? तो बार्साला बुडवणारा कोच ना?” (बार्सा म्हणजे बार्सिलोना क्लब.) ते वाचून झोप उडाली, म्हणून हा उद्योग.

माझी त्याच्याशी ओळख १९९०ची. इटलीतला विश्वचषक दूरदर्शनवर रात्री उशिरा लागायचा. शेजाऱ्यांकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यामुळे जगप्रसिद्ध नारिंगी संघ मी करडाच पाहिला. मिलानमधली पश्चिम जर्मनीविरुद्धची मॅच सगळ्यांना आठवते ती हॉलंडचा रायकार्ड जर्मनीच्या फोलरवर थुंकला आणि दोघेही बाहेर गेले म्हणून. मला आठवते ती शेवटाकडची पेनल्टी. दोन गोलांची पिछाडी, मिनिटं संपलेली, आणि हा दांडगा, भुरक्या केसांचा गडी शांतपणे येऊन गोल करून गेला. २-१. हॉलंड घरी गेलं. पण हरलेल्या मॅचमध्येही माणूस इतका निवांत कसा असू शकतो, हे कोडं डोक्यात राहिलं.

थोडं घराणं. जन्म २१ मार्च १९६३, अॅमस्टरडॅमजवळच्या झान्डामचा. वडील मार्टिन स्वतः बचावपटू, देशासाठी एक सामना खेळलेले. मोठा भाऊ एर्विन मधल्या फळीत. घरचा क्लब ग्रोनिंगन. रोनाल्ड तिथं १७व्या वर्षी पहिल्या संघात आला. १९८३ला आयाक्स, १९८६ला पीएसव्ही, १९८९ला बार्सिलोना, आणि शेवटी १९९५ ते ९७ फायनूर्ड. डच फुटबॉल जरा जरी माहीत असेल तरी या यादीत काय घोटाळा आहे ते लक्षात येईल. आयाक्स, पीएसव्ही आणि फायनूर्ड या तिघांचं एकमेकांशी विळ्या-भोपळ्याचं नातं, आणि हा तिघांकडे खेळला. पुढे तिघांचा कोचही झाला. दोन्ही गोष्टी करणारा दुसरा माणूस नाही.

खेळाडू म्हणून तो वेगवान नव्हता. हे त्याच्या भक्तांनी आधीच कबूल केलेलं बरं. समोरचा विंगर चेंडू पुढे ढकलून पळाला की कूमनची पंचाईत. पण चेंडू पायात आल्यावर साठ-साठ यार्डांचे तिरके पास, मैदानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाच्या पावलावर. बार्सिलोनात तेव्हाचा कोच क्रायफनं त्याला मागे ठेवला तो अडवण्यापेक्षा सुरुवात करून देण्यासाठी. पुढे तरुण ग्वार्दिओला, मागे कूमन. दोघेही धावण्यात यथातथाच, आणि तरी चार वर्षं सलग लीग जिंकली, १९९१ ते १९९४.

आणि अर्थात वेम्बली. २० मे १९९२, युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) फायनल, समोर इटलीचा साम्पदोरिया. जादा वेळ चालू, ०-०. ११२व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेर फ्री-किक. स्तोइचकोव्हनं सरकवला, बाकेरोनं थांबवला, आणि कूमननं बत्ती दिली. गोलकीपर पाल्युका झेपावला, पण तोवर चेंडू जाळ्यात. बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप. इतका मोठा क्लब, आणि तोवर त्यांच्याकडे तो नव्हता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही.

कोच म्हणून मात्र तो कुठं टिकत नाही. कुठं तीन वर्षं, कुठं सहा महिने. का? माझं एक मत आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

रंकाळ्याचा_राऊ

नाद खुळा लिवलंय भावा. गोलंदाज शब्दावर तर शिट्टी.

आमच्याकडं पेठेत बॅकला खेळणाऱ्या पोराला अजून बी पहिली शिकवण हीच की “मध्ये खेळत बसू नको, उचलून भिरकाव.” एकदा पाटाकडील आणि दिलबहारची मॅच शाहू स्टेडियमला बघायला ये. बॅकनं दोन माणसं चकवायचा प्रयत्न केला की गॅलरीतनं जे शब्द येतात ते इथं लिहिता येत नाहीत. त्यामुळं कूमन आमच्यात असता तर पहिल्या वर्षीच सेंटरला हलवला असता.

माझा मुद्दा फ्री-किकचा. वेम्बलीचा गोल लोक ताकदीसाठी सांगतात. मला त्याचा दुसरा गोल जास्त आवडतो, १९९३चा इंग्लंडविरुद्ध. तिथं तोफ नाही, चमच्यानं उचलून ठेवल्यासारखा भिंतीवरनं टाकला.

नाना_ऑफसाईड

राऊ, तो गोल आवडतो म्हणताय, पण त्याआधी काय झालं तेही सांगा की!

१३ ऑक्टोबर १९९३, रॉटरडॅम, विश्वचषकाची पात्रता फेरी. डेव्हिड प्लॅट एकटा गोलकडे निघाला होता आणि या तुमच्या शांत माणसानं त्याला मागून ओढून पाडलं. सरळ सरळ लाल कार्ड. रेफरीनं पिवळ्यावर भागवलं. थोड्या वेळानं त्याच कूमनला बॉक्सजवळ फ्री-किक. पहिला फटका अडला, पण इंग्लंडचा खेळाडू वेळेआधी पुढे धावला म्हणून परत घ्यायला सांगितली. आणि परतच्या वेळी हा राऊंचा चमचा. मग बर्गकॅम्पनं दुसरा घातला. २-०. इंग्लंड १९९४च्या विश्वचषकाला गेलंच नाही, मॅनेजर ग्रॅहम टेलरची नोकरी गेली. इंग्लंडमध्ये आमच्या वयाच्या लोकांसमोर कूमनचं नाव काढून बघा.

आणि १९८८च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) सेमीफायनलनंतरचा प्रकार? हॅम्बर्गमध्ये, जर्मनांच्या घरात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ओलाफ थोनची जर्सी घेऊन पार्श्वभाग पुसल्याचं नाटक. गोलंदाज थंड असतो म्हणे.

मधली_फळी

नाना, मान्य. त्या जर्सीबद्दल त्यानं नंतर खेद व्यक्त केलाय. प्लॅटच्या फाउलबद्दल बचाव नाही. पण त्या सेमीफायनलचा फुटबॉल बघा: माथेउसच्या पेनल्टीनं जर्मनी पुढे, ७४व्या मिनिटाला कूमनच्या पेनल्टीनं बरोबरी, ८८व्याला वान बास्टेन. चार दिवसांनी म्युनिकला सोव्हिएत संघाला २-० हरवून हॉलंडचा पहिला मोठा चषक. आणि फायनलच्या अकरांत दोन्ही कूमन भाऊ.

त्या वर्षी दोघा भावांच्या कपाटात काय काय आलं ते मोजा. रोनाल्ड: डच लीग, डच कप, युरोपियन कप, युरो. एर्विन: बेल्जियमच्या मेखेलेनकडून कप विनर्स कप (फायनलमध्ये आयाक्सलाच हरवून) आणि युरो. मार्टिनरावांनी शेजाऱ्यांना किती पेढे वाटले असतील!

आइंडहोवनकर

शेवटी माझ्या गावाचा विषय निघाला. नऊ वर्षं इथं आहे, ऑफिस ते घर रस्त्यात पीएसव्हीचं स्टेडियम लागतं. गावाच्या मधोमध आहे, आपल्याकडे एसटी स्टँड असतो तसं. पीएसव्ही म्हणजे फिलिप्सच्या कामगारांसाठी काढलेला क्लब, नावातला पहिला ‘पी’ फिलिप्सचा.

आधी एक दुरुस्ती: इथं कुणी ‘कूमन’ म्हणत नाही, ‘कूमान’ म्हणतात, ‘मा’ लांब. पण मराठीत कूमनच बरं वाटतं, राहू द्या.

१९८८च्या युरोपियन कपबद्दल इथले लोक अभिमानानं आणि किंचित ओशाळून बोलतात, कारण उपांत्यपूर्व फेरीपासून पीएसव्हीनं एकही मॅच जिंकली नाही! बोर्डोशी १-१ आणि ०-०. रेआल माद्रिदशी १-१ आणि ०-०. दोन्हीकडे परक्या मैदानावरच्या गोलवर पुढे (एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, असा तेव्हाचा नियम). फायनल श्टुटगार्टला पोर्तुगालच्या बेनफिकाशी ०-०, मग पेनल्टी शूटआउट, ६-५. पहिली पेनल्टी कोणी मारली? अर्थात. पाच बरोबऱ्या आणि युरोपचे राजे. गंमत म्हणजे त्याच मोसमात लीगमध्ये याच संघानं ११७ गोल केलेले, त्यातले २१ कूमनचे. कोच होता हिडिंक.

आणि नानांच्या पोतडीत आणखी एक भर टाकतो. बोर्डोच्या मॅचमध्ये पीएसव्हीच्या गिलहाउसनं त्यांच्या तिगानाला टॅकल करून जायबंदी केलं. कूमननं मुलाखतीत त्या टॅकलची तारीफ केली, आणि यूएफानं (युरोपची फुटबॉल संघटना) नुसत्या बोलण्याबद्दल त्याला निलंबित केलं. तोंडाचा फटका पायाइतकाच जोरात. इथं असल्या बोलण्याला ‘सरळ’ म्हणतात आणि गुण समजतात. पहिल्या वर्षी माझ्या कामाबद्दल माझ्या तोंडावर जे ऐकवलं गेलं त्यावरून सांगतो, यात कूमन अपवाद नाही, नमुना आहे.

म्हापशेकर

वा! १९८८चा विषय आहे तर आमच्या देशाचाही एक धागा आहे त्यात, इथं कुणाला आठवला नाही म्हणून लिहितो.

त्या युरो जिंकणाऱ्या वीस जणांत विम कुवरमान्स नावाचा एक बचावपटू होता, फोर्तुना सिटार्ड क्लबचा. स्पर्धेत एक मिनिट खेळायला मिळालं नाही. पुढे कूमन आणि रायकार्ड असताना कोण बाहेर बसणार नाही? तोच पुढे २०१२ ते २०१४ भारताचा कोच होता.

सुरुवात झक्कास. दिल्लीत नेहरू कप, फायनलला कॅमेरून (त्यांचा पहिल्या फळीचा संघ नव्हता, पण नाव कॅमेरून), २-२ आणि शूटआउटला ५-४. संघात आमचे क्लिफर्ड मिरांडा, डेन्झिल फ्रँको. त्या रात्री म्हापशात आम्ही तिघा-चौघांनीच का होईना, फटाके वाजवले. माणसाचा आग्रह एकच: मागून उचलून भिरकावू नका, गोलकीपरपासून पास करत या. राऊ, तुमच्या गॅलरीनं त्याला पहिल्या हाफमध्येच घरी पाठवला असता.

पुढे मात्र उतार. २०१३ला म्यानमारकडून हरून एएफसी चॅलेंज कपला मुकलो, काठमांडूत सॅफच्या (दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा) फायनलमध्ये अफगाणिस्ताननं २-० हरवलं. मार्च २०१४ला मडगावात फातोर्ड्यावर बांगलादेशशी मॅच होती, मी होतो. अर्धं स्टेडियम रिकामं. छेत्रीनं दोन्ही गोल केले, दुसरा अगदी शेवटी, म्हणून २-२ सुटली. पास चालले होते खरे, पण कुठं जायचं ते ठाऊक नसल्यासारखे. चार दिवसांच्या शिबिरात क्रायफची शाळा शिकवता येत नाही, तिला आयाक्ससारखं आठ वर्षांच्या पोरापासून सुरू करावं लागतं. कुवरमान्सचा दोष मी कमी मानतो.

जास्वंदी

म्हापशेकर, किती छान आठवण. आणि ‘बाहेर बसलेला’ माणूस आपल्या वाट्याला आला हेही आपलंच नशीब.

आता मी धाग्यावर वाद घालायला आलेय. त्या “बार्साला बुडवणारा” वाक्याची धनीण मीच. ऑगस्ट २०२० ते ऑक्टोबर २०२१, त्यातली एकही मॅच चुकवली नाही, तेव्हा बोलायचा हक्क आहे. सुआरेझला फोनवर सांगितलं की तुझी गरज नाही. तो गेला आत्लेतिकोला आणि त्याच मोसमात त्यांना लीग जिंकून दिली. एप्रिल २०२१ला घरी ग्रनाडाला हरवलं असतं तर आम्ही पहिल्या नंबरवर होतो, १-२ हरलो. पीएसजीकडून घरी १-४. पुढच्या मोसमात बायर्नकडून ०-३, बेनफिकाकडून ०-३. आणि क्रायफचा पट्टशिष्य काय करत होता? पिके आणि लूक डी योंगला पुढे ठेवून उंच चेंडू टाकत होता. ग्रनाडाशी १-१ झाली तेव्हा पन्नासच्या वर क्रॉस! ते बघून मी टीव्ही बंद केला. वेम्बलीच्या गोलवर मी त्याला जन्मभर माफ करायला तयार आहे, पण क्रॉस नको हो.

तिरकी_किक

जास्वंदीताई, तुमचा राग समजतो. पण त्याच्या हातात काय दिलं होतं ते बघा. बायर्नकडून ८-२ झाल्यावर पाच दिवसांत त्याला बोलावलं. आल्याबरोबर मेस्सीचं ‘मला जाऊ द्या’चं पत्र. अध्यक्ष बार्तोमेऊ ऑक्टोबरमध्ये गेले. लापोर्ता आले मार्चमध्ये, आणि त्यांनी हा कोच निवडलेलाच नव्हता. तिजोरी रिकामी, स्टेडियम महामारीमुळे रिकामं. पुढच्या ऑगस्टमध्ये मेस्सीही गेला. तशात त्यानं एप्रिल २०२१ला बिलबाओला ४-० हरवून कोपा देल रे (स्पेनचा कप) जिंकून दिला. मेस्सीनं बार्साकडून उचललेला तो शेवटचा चषक.

आणि पेद्री? १७ वर्षांचा पोरगा लास पाल्मासहून आलेला, त्याला थेट संघात खेळवला. अराउहो स्थिरावला त्याच काळात. गावीचं पदार्पण ऑगस्ट २०२१, कूमनच्याच हाताखाली. पुढच्या कोचांनी जी फळं खाल्ली त्यातली बरीच रोपं याची.

जास्वंदी

पेद्री आणि गावी, मान्य. रोपं त्याची. पण क्रॉस पण त्याचेच.

आणि एक गोष्ट मला आजही टोचते. २४ ऑक्टोबर २०२१ला घरी माद्रिदकडून हरल्यावर कँप नोऊच्या बाहेर आमच्याच लोकांनी त्याची गाडी अडवली, त्यावर थापा मारल्या, शिव्या दिल्या. ज्या माणसानं आम्हाला पहिला युरोपियन कप दिला त्याची गाडी! तीन दिवसांनी रायो वायेकानोकडून ०-१, आणि त्याच रात्री हकालपट्टी. त्या दिवशी मी त्याच्या बाजूची झाले होते. दुसऱ्या दिवशी परत विरोधात.

मधली_फळी

आता माझं मत सांगतो, तिरकी_किकनं वाट करून दिलीच आहे.

कूमन हा डागडुजीचा गवंडी आहे. भिंत पडली, छत गळतंय, मालक पळालाय, अशा घरात त्याला बोलवा, चोख काम करतो. नवाकोरा बंगला आणि भरपूर पैसा दिला की गडबड.

फायनूर्ड २०११: आधीच्या मोसमात पीएसव्हीकडून १०-० मार खाल्लेला, खिशात दमडी नाही. यानं अकादमीतली पोरं खेळवली. तीन मोसमांत दुसरा, तिसरा, दुसरा. साउदम्प्टन २०१४: लल्लाना, लव्हरेन, लँबर्ट, शॉ, चेंबर्स सगळे विकलेले. कूमननं रिकाम्या सराव मैदानाचा फोटो टाकला होता, ‘चला, सरावाला तयार’ अशा अर्थाचं काहीतरी लिहून! मग पेले, तादिच, माने आले, दुसऱ्या वर्षी सेल्टिकहून वान डाइक आला. ऑक्टोबरमध्ये संडरलंडला ८-०. पहिल्या वर्षी सातवा क्रमांक, दुसऱ्या वर्षी सहावा. डच संघ २०१८: युरो २०१६ नाही, विश्वचषक २०१८ नाही, देशभर सुतक. वर्षभरात जर्मनीला ३-०, जगज्जेत्या फ्रान्सला २-०, आणि २०१९च्या नेशन्स लीगची फायनल.

आता दुसरी बाजू. आल्कमारचा एझेड क्लब, २००९चे लीग विजेते, तयार घर मिळालं. डिसेंबरपर्यंत बाहेर. व्हॅलेन्सिया तर विचारूच नका: आल्बेल्दा, कान्यिसारेस, आंगुलो अशा घरातल्या ज्येष्ठांनाच पंगतीतून उठवलं. २००८चा कोपा देल रे जिंकला आणि पाचच दिवसांनी नोकरी गेली, कारण लीगमध्ये संघ पंधरावा. एव्हर्टन २०१७: उन्हाळ्यात पैशांचा पाऊस, सिगुर्डसन, पिकफोर्ड, कीन, क्लासेन, शिवाय रूनी परत. लुकाकू विकला त्याच्या जागी मात्र कुणी नाही. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलकडून २-५, संघ अठरावा, निरोप.

बार्सिलोना हे पडकं घरच होतं, पण मालकांना वाटत होतं की तो राजवाडा आहे. तिथं गवंड्याला काय मान?

नाना_ऑफसाईड

गवंडी चांगला आहे, पण तुमच्या थिअरीला एक मोठी फट आहे, ती बुजवा. आयाक्स. डिसेंबर २००१ला गेला, पहिल्याच मोसमात लीग आणि कप दोन्ही, २००४ला परत लीग. २००३ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मिलानच्या मैदानावर २-२, म्हणजे परक्या मैदानावरच्या गोलवर आयाक्स पुढे जाणार, आणि शेवटच्या क्षणी मिलानचा तिसरा गोल. इब्राहिमोविच, स्नायडर, वान डर वार्ट, किवू. हे काही पडकं घर नव्हतं.

मधली_फळी

नाना, फट खरी आहे. पण आयाक्स कसं संपलं? वान खाल वर टेक्निकल डायरेक्टर म्हणून बसले, दोघांचं जमलं नाही. आधी ते गेले, काही महिन्यांनी हाही. इब्राहिमोविच मधल्या मध्ये युव्हेंटसला. तिथं भिंत पडली आणि यानं दुरुस्ती केली नाही, म्हणजे थिअरी दोन्हीकडून गळतेय. घ्या.

आइंडहोवनकर

थिअरी गळू द्या, पण २००७चा पीएसव्ही सांगितल्याशिवाय हा धागा पुढे न्यायचा नाही.

हिवाळ्यात पीएसव्ही इतका पुढे होता की लोकांनी मिरवणुकीची तयारी मनात करून टाकली होती. मग संघ घसरत गेला आणि शेवटच्या दिवशी आयाक्स, एझेड, पीएसव्ही तिघांचे गुण सारखे! एझेडला फक्त एक्सेल्सिअरला हरवायचं होतं, ते २-३ हरले. आयाक्स जिंकलं. पीएसव्हीनं फिटेसला ५-१ हरवलं. हिशेब केला तर पीएसव्हीचा गोलफरक ५०, आयाक्सचा ४९. एका गोलनं लीग! माझा इथला शेजारी त्या दिवशी स्टेडियममध्ये होता. तो अजून म्हणतो की कूमननं आम्हाला चषक दिला आणि हृदयविकारही दिला. आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलला बाहेर काढलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी हाच माणूस बेनफिकाला असताना मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल दोघांना घरी पाठवून आला होता. लिव्हरपूल तेव्हा गतविजेते.

म्हणजे दोन मॅचच्या लढाईत हा माणूस खतरनाक. ३४-३८ मॅचच्या संसारात गडबड.

रंकाळ्याचा_राऊ

हे पटलं. संसारात गडबड.

बरं आता सध्याचं सांगा की. दुसऱ्यांदा डच संघाकडं आलाय न्हवं?

तिरकी_किक

हो, जानेवारी २०२३ पासून, वान खालनंतर. (बघा, परत वान खाल. या दोघांना एकमेकांपासून सुटका नाही. १९९८ला बार्सिलोनात कूमन त्यांचाच सहायक होता, आणि त्याच स्टाफमध्ये मोरिन्योही.)

परतीची पहिलीच मॅच फ्रान्सशी पॅरिसला, ०-४. त्याआधी कँपमधले पाच खेळाडू पोट बिघडून घरी गेले होते आणि वर्तमानपत्रांनी खापर फोडलं चिकन करीवर! डच फुटबॉल संघटनेनं संसर्गाचं कारण दिलं, पण इंटरनेटवर करीच गाजली. एखाद्या देशस्थ काकूंना विचारलं असतं तर दहीभात सुचवला असता.

युरो २०२४ मात्र बरी गेली. गटात ऑस्ट्रियाकडून २-३ हरले, त्या मॅचमध्ये वीरमानला ३५व्या मिनिटाला बाहेर बोलावला, बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. तिथून रुमेनिया ३-०, तुर्की २-१, आणि सेमीफायनलला डॉर्टमुंडमध्ये इंग्लंड. सिमन्सचा पहिला गोल काय होता! मग केनची पेनल्टी, आणि नव्वद मिनिटं भरताना वॉटकिन्स. १-२.

नाना_ऑफसाईड

इंग्लंडनं १९९३चं उधार ३१ वर्षांनी फेडलं. केनला मिळालेली पेनल्टी डच लोकांना अजून मान्य नाही म्हणे. प्लॅटलाही ते पिवळं कार्ड मान्य नव्हतं. फिट्टंफाट.

म्हापशेकर

नाना, तुम्ही हिशेबनीस होता का हो नोकरीत?

नाना_ऑफसाईड

ऑडिटला. ३४ वर्षं.

जास्वंदी

आता कळलं!

मधली_फळीदादा, वाक्य मागे घेत नाही, पण सुधारते: “बुडणाऱ्या बार्सात उभा असलेला कोच.” चालेल?

मधली_फळी

चालेल. धाग्याचे पैसे वसूल.

आइंडहोवनकरांना एक काम: त्याचा मुलगाही रोनाल्डच, टेलस्टार क्लबचा गोलकीपर. कधी मैदानावर जाऊन बघून आलात तर लिहा. बापानं आयुष्यभर गोलकीपरांची झोप उडवली आणि पोरगा हातमोजे घालून त्याच जागी उभा राहिला, मला तर हे फार भारी वाटतं.

आइंडहोवनकर

टेलस्टार म्हणजे फेल्सन, समुद्राच्या बाजूला, माझ्यापासून दीडेक तास. या हिवाळ्यात जमवतो. थर्मासमध्ये चहा घेऊन जावं लागेल.

रंकाळ्याचा_राऊ

कुणीतरी वेम्बलीची लिंक द्या राव, पोराला दाखवायचीय. ११२व्या मिनिटापासनं लावली तरी चालंल.

नाना_ऑफसाईड

राऊ, असं करू नका. पोराला आधीची १११ मिनिटंही बघू द्या. साम्पदोरियाच्या वियालीनं गोलच्या काय काय संधी सोडल्यात ते त्याला कळू दे.